अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र: साल्वाडोरी शेजाऱ्यांसाठी ९ सप्टेंबरपूर्वी बोला

सर्व मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या मीटिंगा सुरू झाल्या असतील. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. तिच्या पाच दिवस आधी, ९ सप्टेंबर २०२६ला, या देशातल्या सुमारे २ लाख ३२ हजार साल्वाडोरी, म्हणजे मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर देशाच्या, माणसांची इथे राहण्याची आणि काम करण्याची ‘टीपीएस’ नावाची तात्पुरती परवानगी संपते. ती वाढवायची की नाही, हे सरकारने कायद्यानुसार किमान ६० दिवस आधी ठरवायचं असतं. म्हणजे खरा निर्णय जुलैतच व्हायचा आहे. उत्सव आटोपल्यावर या विषयाकडे बघू म्हटलं तर तोवर सगळं होऊन गेलेलं असेल.

माझी विनंती साधी आहे. प्रत्येक मंडळाने कार्यकारिणीत ठराव करावा आणि आपापल्या राज्याच्या दोन्ही सिनेटरना व आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र लिहावं: ही मुदत वाढवा, आणि पंचवीस वर्षं तात्पुरत्या कागदावर काढलेल्या या लोकांना कायमचं राहता येईल असा कायदा करा. हे मराठी मंडळाने का करावं, त्यासाठी पुढचं सगळं लिहिते आहे.

मी मेरीलंडमध्ये राहते. वॉशिंग्टनच्या परिसरात परदेशात जन्मलेल्या लोकांमध्ये सर्वांत मोठा गट साल्वाडोरच्या लोकांचा आहे आणि त्यांच्या मागोमाग आपण भारतीय. व्हीटन, लँगली पार्क, स्टर्लिंग, हर्नडन ही त्यांची वस्ती, आणि ती आपल्या वस्तीला लागूनच. आपल्या टाउनहाउसची छपरं त्यांनी घातली आहेत, भिंतींचं ड्रायवॉल त्यांनी चढवलं आहे. आपल्या ऑफिसातल्या कचऱ्याच्या टोपल्या रात्री तेच रिकाम्या करतात. आपली बाळं आणि आपले म्हातारे, दोन्ही त्यांच्या बायकांच्या हातात असतात. इतकं असून आपल्यातल्या किती जणांना हे लोक इथे कसे आले ते ठाऊक आहे? मंडळाच्या कार्यक्रमात मी जे ऐकते ते बहुतेक एकच वाक्य असतं: ‘आपण रांगेत उभं राहून आलो, हे लोक घुसले.’

माझ्या सासूबाईंना सांभाळायला येणाऱ्या बाई इंतिपुकाच्या आहेत. साल्वाडोरच्या पूर्वेला, ला उनियोन जिल्ह्यात हे छोटंसं गाव आहे आणि तिथली निम्मी घरं वॉशिंग्टनच्या पैशावर उभी आहेत असं त्या सांगतात. त्यांच्याकडे एक प्लास्टिकची फाइल आहे. २००१पासूनची सगळी वर्क परमिटची कार्डं, प्रत्येक अर्जाची पोच, बोटांचे ठसे द्यायला बोलावल्याची पत्रं, सगळं तारखेनुसार लावलेलं. मुदतवाढ जाहीर झाली की नवं कार्ड हातात पडायला कित्येक महिने जातात. तोवर जुनंच कार्ड चालेल असं सरकार एका राजपत्रातल्या सूचनेत म्हणतं. पण खिडकीपलीकडच्या माणसाला ती सूचना माहीत असतेच असं नाही. म्हणून त्या तिचे छापील कागद ठरलेल्या ओळीवर पिवळी खूण करून सोबत नेतात. एकदा ड्रायव्हिंग लायसन्ससाठी मी त्यांच्याबरोबर गेले होते. काउंटरवरच्या मुलीने कार्डावरची संपलेली तारीख बघून मान हलवली. बाईंनी आवाज न चढवता तो कागद पुढे सरकवला, पिवळ्या ओळीवर बोट ठेवलं आणि उभ्या राहिल्या. सुपरवायझर आला, त्याने फोन लावला, तोवर मागे रांग वाढत गेली. शेवटी लायसन्स मिळालं, तेही परमिटची मुदत असेल तेवढ्याच दिवसांचं.

एच-वन या नोकरीच्या व्हिसाच्या मुदतवाढीसाठी ज्याने कधी जीव टांगणीला लावला आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता त्या रांगेविषयी. आपली रांग १९६५च्या इमिग्रेशन कायद्याने सुरू केली. त्याआधी भारतातून वर्षाला शंभर माणसांना यायची मुभा होती. त्या कायद्याने आपल्या डॉक्टर-इंजिनियरांना दार उघडलं आणि त्याच कायद्याने अमेरिका खंडातल्या शेजारी देशांतून येणाऱ्यांवर पहिल्यांदाच संख्येची मर्यादा घातली, वर्षाला १ लाख २० हजार. दोन्ही गोष्टी १९६८च्या मध्यापासून पूर्णपणे लागू झाल्या. एकाच कागदाने आपल्याला आत घेतलं आणि त्यांना बाहेर ठेवलं. कॉफीच्या मळ्यात मजुरी करणाऱ्या, शाळा अर्धवट सोडलेल्या माणसासाठी त्यात उभं राहायला जागा जवळजवळ नव्हतीच. जिथे रांगच नाही तिथे ‘रांग मोडली’ हा आरोप कसा लागू होतो?

वॉशिंग्टनला आलेल्या पहिल्या साल्वाडोरी स्त्रियांना तर इथल्याच लोकांनी बोलावून आणलं होतं. १९६०च्या दशकात परराष्ट्र खात्यातले आणि आंतरराष्ट्रीय संस्थांतले अधिकारी मध्य अमेरिकेतून परतताना घरकाम आणि मुलं सांभाळणाऱ्या बायकांना सोबत घेऊन आले. त्या बायकांनी मग बहिणी आणल्या, भाऊ आणले, गावातले लोक आणले. माउंट प्लेझंट भागातल्या एकेका खोलीत गावचे आठ-दहा जण राहत, पाळीपाळीने झोपत. गिरणगावातल्या गाळ्यांत आपले कोकणातले चाकरमानी जसे गावकीच्या आधाराने राहत आणि दर महिन्याला मनीऑर्डर करत, तसंच हे बिऱ्हाड होतं.

त्यानंतर जे झालं ते मात्र आपल्या वाट्याला कधी आलं नाही.

१९८० ते १९९२ एल साल्वाडोरमध्ये यादवी युद्ध चाललं. मूळ कारण जमीन. कॉफीची जमीन मोजक्या घराण्यांच्या हातात होती. १९३२ साली पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांनी उठाव केला तेव्हा लष्कराने हजारोंच्या संख्येने माणसं मारली होती. २४ मार्च १९८० रोजी आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थना चालू असताना गोळी घातली गेली. आदल्या दिवशीच्या प्रवचनात त्यांनी सैनिकांना, स्वतःच्याच शेतकरी भावंडांवर गोळ्या झाडू नका, असं सांगितलं होतं. डिसेंबर १९८१मध्ये एल मोसोते गावात आणि आसपासच्या वाड्यांत सुमारे एक हजार माणसं मारली गेली. त्यांत निम्म्याहून जास्त मुलं होती. ज्या अत्लाकात्ल तुकडीने हे केलं, तिला प्रशिक्षण अमेरिकेने दिलं होतं. युद्धात सुमारे ७५ हजार माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाकडे आलेल्या तक्रारींपैकी ८५ टक्के सरकारी दलांविरुद्ध आणि त्यांच्याशी जोडलेल्या टोळ्यांविरुद्ध होत्या. आणि त्या सरकारला वॉशिंग्टनहून मिळणारी मदत दिवसाला दहा लाख डॉलरच्या घरात होती.

त्या युद्धातून पळून जे इथे आले, त्यांनी आश्रयाचे अर्ज रीतसर केले. १९८०च्या दशकात साल्वाडोरी लोकांचे जेमतेम दोन-तीन टक्के अर्ज मंजूर होत. कम्युनिस्ट देशांतून पळून आलेल्यांना मिळणारा आश्रय यांना मिळेना, कारण यांचा छळ करणारं सरकार अमेरिकेचं मित्र होतं. रांग असलीच तर ती ही होती, आणि तिच्यात ते उभेही राहिले. २४ मार्च १९८२ रोजी, रोमेरोंच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, टूसॉनमधल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चने जाहीर केलं की आम्ही या लोकांना आसरा देणार. बघता बघता देशभरातली शेकडो चर्च आणि सिनेगॉग त्यात सामील झाली. पुढे चर्चसंस्थांनीच सरकारवर खटला भरला आणि १९९१च्या तडजोडीत, नाकारलेल्या साल्वाडोरी व ग्वाटेमाली अर्जांची सुनावणी पुन्हा घ्यायचं सरकारने कबूल केलं. ही देवळं-चर्च चालवणारी मंडळी साल्वाडोरी नव्हती. शेजारी होती.

‘टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस’, म्हणजे आज ज्याला सगळे टीपीएस म्हणतात, ते १९९०च्या कायद्याने निर्माण झालं ते मुख्यतः साल्वाडोरी लोकांच्या प्रश्नामुळेच. १९९७मध्ये संसदेने आणखी एक कायदा करून युद्धकाळात आलेल्यांपैकी अनेकांना कायमचं राहण्यासाठी अर्ज करायची वाट दिली. आज आपण मागतो आहोत ते कधी झालंच नाही असं नाही.

सध्याचं टीपीएस २००१च्या भूकंपाचं आहे. जानेवारी २००१ आपल्याला भूजमुळे लक्षात आहे. आपण सगळ्यांनी इथे दारोदार पैसे गोळा केले होते. भूजच्या बरोबर तेरा दिवस आधी, १३ जानेवारीला, एल साल्वाडोरला ७.७ क्षमतेचा धक्का बसला. सांता तेक्ला शहरातल्या लास कोलिनास वस्तीवर डोंगराचा कडा कोसळून शेकडो माणसं गाडली गेली. महिन्याभराने, १३ फेब्रुवारीला, दुसरा भूकंप झाला. दोन्ही मिळून अकराशेच्या वर मृत्यू आणि दहा लाखांहून जास्त बेघर, तेही साठ लाखांच्या देशात. तेव्हा जे साल्वाडोरी इथे आधीच होते त्यांना ९ मार्च २००१ रोजी ही सवलत मिळाली. नंतर आलेल्यांना ती लागू नाही. म्हणजे आज टीपीएसवर असलेला प्रत्येक साल्वाडोरी माणूस किमान पंचवीस वर्षं या देशात आहे. दर मुदतवाढीला ठसे, पार्श्वभूमीची तपासणी आणि फी. एक गंभीर गुन्हा किंवा दोन किरकोळ गुन्हे सिद्ध झाले तर सवलत जाते. गुन्हेगारीचा मुद्दा काढणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. ज्या एमएस-१३ टोळीचं नाव सगळे घेतात, ती साल्वाडोरमध्ये जन्मलेली नाही. ती लॉस एंजेलिसमध्ये जन्मली आणि १९९०च्या दशकात हद्दपारीच्या विमानांतून तिकडे गेली.

पंचवीस वर्षांनंतरही या कागदावरून ग्रीन कार्डाकडे जायची वाट नाही. न्यूजर्सीत वीसेक वर्षं राहिलेल्या एका साल्वाडोरी जोडप्याने ती मागितली. त्यातल्या नवऱ्याला मालकाने स्पॉन्सरही केलं होतं. जून २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की टीपीएस मिळणं म्हणजे देशात रीतसर प्रवेश मिळणं नव्हे. मार्ग काढायचा तर तो संसदेनेच काढायला हवा.

आणि इथे आपला थेट संबंध येतो. १८ मार्च २०२१ रोजी प्रतिनिधीगृहाने २२८ विरुद्ध १९७ मतांनी ‘अमेरिकन ड्रीम अँड प्रॉमिस’ विधेयक मंजूर केलं. टीपीएसवाल्यांना त्यात ग्रीन कार्डाची वाट होती. त्याच विधेयकात पहिल्यांदाच एच-वन आणि एलसारख्या व्हिसांवर आलेल्यांच्या मुलांचाही समावेश होता. म्हणजे आपली मुलं. ग्रीन कार्डाच्या रांगेत आईवडिलांचा नंबर लागण्याआधी एकविसाव्या वर्षी ज्यांचा एच-फोर, म्हणजे आईवडिलांच्या आधारावरचा व्हिसा, संपतो, ज्यांना लहानपणापासून वाढलेला देश सोडण्याची नोटीस येते, ती. विधेयक सिनेटमध्ये अडकलं आणि मेलं. त्या वेळी आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एकाच वाक्याची चर्चा होती, की ‘त्यांच्या’ गर्दीत आपल्या मुलांचं नुकसान झालं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. त्या विधेयकाला पुढे ढकलण्यासाठी लँगली पार्कच्या बायका बसमधून कॅपिटॉलला जात होत्या. आपण घरी होतो.

दुसरं उदाहरण ताजं आहे. गेल्या वर्षी परदेशी पाठवल्या जाणाऱ्या पैशांवर कर लावायचा प्रस्ताव आला. आधी ५ टक्के, मग साडेतीन. तेव्हा आपल्याकडे मोठा गदारोळ झाला, ईमेलांचा पाऊस पडला. शेवटी कर १ टक्का ठरला आणि तो फक्त रोख, मनीऑर्डर अशा मार्गांनी पाठवलेल्या पैशांवर. बँक खात्यातून पाठवणारे सुटले, म्हणजे आपण सुटलो. १ जानेवारी २०२६पासून तो कर भरतोय तो शुक्रवारी रोख मजुरी घेऊन दुकानाच्या खिडकीवर उभा राहणारा माणूस. एल साल्वाडोरच्या एकूण उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा अशा पैशांतून येतो. आपला प्रश्न सुटला त्या दिवशी आपले ईमेल थांबले. हे मला फार लागलं.

‘आता तिकडे शांतता आहे, राष्ट्राध्यक्ष बुकेलेंनी टोळ्या संपवल्या, मग परत जायला काय हरकत?’ असंही विचारलं जातं. खून कमी झाले आहेत, हे खरं आहे. २०१५मध्ये लाखामागे शंभराच्या वर खून होणारा देश आज खूप बदलला आहे. पण तिथे मार्च २०२२पासून आणीबाणी आहे, ८० हजारांहून जास्त लोक अटकेत गेले आहेत आणि वॉरंटशिवाय उचललेल्या माणसाच्या घरच्यांना महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. मार्च २०२५मध्ये आमच्याच मेरीलंडमधल्या एका साल्वाडोरी कामगाराला तिथल्या सेकोट तुरुंगात पाठवलं गेलं. त्याला एल साल्वाडोरला पाठवू नये, असा इमिग्रेशन न्यायाधीशाचा २०१९चा आदेश असताना. ही चूक झाल्याचं सरकारने न्यायालयात मान्य केलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याला परत आणायची सोय करायला सांगितलं, तरी तो जूनमध्ये परतला, तोही नव्या आरोपांसह. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, पन्नाशीतल्या बाईने इथे जन्मलेली, इथली नागरिक असलेली मुलं सोडून कुठे जायचं?

या लोकांनी या देशाशी जुळवून घेतलं नाही, हेही मला मान्य नाही. ५ मे १९९१ला माउंट प्लेझंटमध्ये पोलिसाच्या गोळीने एक साल्वाडोरी तरुण जखमी झाला आणि तीन रात्री दंगल पेटली. त्यानंतरच्या चौकशीत समोर आलं की स्पॅनिश बोलणारे पोलीसच फार थोडे आहेत. दंगलीच्या आठवणीवर ते बसून राहिले नाहीत. संघटना बांधल्या, नगरपालिकेशी वर्षानुवर्षं झगडले, आणि २००४मध्ये वॉशिंग्टन शहरात भाषेचा कायदा झाला. सरकारी कचेरीत दुभाषा मागायचा हक्क आज तिथे इंग्रजी न येणाऱ्या कुणालाही आहे, आपल्या आजी-आजोबांनाही. आमच्या मॉन्टगोमेरी काउंटीत १९९०मध्ये शाळा मंडळावर निवडून आलेल्या आना सोल गुतिएरेस पुढे राज्याच्या विधिमंडळात गेल्या. आणि मार्च २०२४मध्ये बाल्टिमोरचा की ब्रिज मध्यरात्री कोसळला, तेव्हा त्यावरचे खड्डे बुजवणारी सहा माणसं नदीत बुडाली. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वाडोरची ती माणसं होती. आपण झोपलो होतो आणि ते आपल्या सकाळच्या प्रवासासाठी रस्ता नीट करत होते.

आमच्या स्वयंपाकघरात त्या बाई कधीकधी पुपुसा करतात. मक्याच्या पिठाचा गोळा हातात घेऊन, त्यात राजमा आणि चीज भरून, पाण्याचा हात लावत तळव्यांवर थापतात. सासूबाई खुर्चीतून बघत मराठीत सूचना देतात, त्या स्पॅनिशमध्ये उत्तर देतात, आणि कडेने फाटलेली पुपुसा कुणामुळे बिघडली यावर दोघींचं भांडण होतं. मी कामाला जाऊ शकते, कारण त्या घरी असतात. मुदत वाढली नाही, तर ९ सप्टेंबरनंतर त्यांना कामावर ठेवणं बेकायदा ठरेल. होंडुरास आणि निकाराग्वाच्या लोकांचं १९९९पासूनचं टीपीएस काढून घ्यायचा निर्णय गेल्या वर्षी झालाच आहे, तेव्हा ही भीती मनाची नाही.

कार्यकारिणीतून पहिली हरकत काय येईल ते मला माहीत आहे: मंडळ सांस्कृतिक आहे, राजकारण नको, करमाफीचा दर्जा जाईल. तर नियम असा आहे की ५०१(सी)(३) संस्थेने, म्हणजे करमाफी असलेल्या धर्मादाय संस्थेने, कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. एखाद्या कायद्याविषयी लोकप्रतिनिधींना मत कळवायला मर्यादित प्रमाणात मुभा आहे. एक ठराव आणि तीन पत्रं त्या मर्यादेत आरामात बसतात. शंका असेल तर मंडळाच्या सीपीएला विचारा, पण विचारण्यात जून घालवू नका.

पत्रात तीन गोष्टी असाव्यात: एल साल्वाडोरच्या टीपीएसला मुदतवाढ, टीपीएसवाल्यांना आणि एच-फोरवर वाढलेल्या मुलांना एकाच कायद्यात कायमचं स्थान, २०२१च्या विधेयकासारखं, आणि आपल्या मंडळातल्या मतदार सभासदांची संख्या. शेवटची गोष्ट विसरू नका. टीपीएसवर पंचवीस वर्षं राहिलेल्या माणसाला मत नाही, आपल्यातल्या हजारोंना आहे आणि नोव्हेंबरमध्ये निवडणूक आहे. मसुदा मी तयार केला आहे. ज्या मंडळाला हवा असेल त्यांनी कळवावं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही पाठवते. व्हर्जिनिया आणि मेरीलंडमधल्या मंडळांनी एकत्र वेळ मागितली तर प्रतिनिधींच्या स्थानिक कचेरीत भेट सहज मिळते. मी सोबत यायला तयार आहे, आणि त्या बाईंनीही त्यांची फाइल घेऊन येईन असं सांगितलं आहे.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद
मॉन्टगोमेरी काउंटी, मेरीलंड